बँकॉकची मोकळी संध्याकाळ: टूरमधल्या मंडळींना घेऊन यावराटला कसं जायचं

पटाया झालं, कोरल आयलंड झालं, बस बँकॉकला आली, दुपारी सिटी टूरमधे गोल्डन बुद्ध बघून झाला, आणि टूरच्या कागदावर पुढे लिहिलेलं असतं "संध्याकाळ मोकळी". साडेसातला इंडियन रेस्टॉरंटमधे जेवण होतं, साडेआठपर्यंत बस हॉटेलवर सोडते, मग लिफ्टपाशी सगळे जरा घुटमळतात, कुठेतरी जाऊया का हो असं दोघंतिघं म्हणतात, पण कुठे आणि कसं हे कोणालाच नक्की माहीत नसतं, त्यामुळे तरुण पोरं आपली आपली निघून जातात आणि बाकीचे रूमवर. मला हे बघून फार वाईट वाटतं. साठी ओलांडलेल्या काकू एवढे पैसे भरून परदेशात आल्यात आणि त्यांना बँकॉकची रात्र फक्त बसच्या काचेतून दिसावी हे बरोबर नाही. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. चार दिवसांपूर्वी एअरपोर्टवर ओळख झालेली सगळ्या वयाची माणसं एकत्र घेऊन रात्री बाहेर कसं पडायचं, सगळ्यांनी मजा कशी करायची, आणि जेवढे गेले तेवढे धडपणे परत कसे यायचे.

ठिकाण एकच ठरवा

सगळ्यात आधी ही गोष्ट. "आधी खाओ सान रोड, मग रूफटॉप, मग नाइट मार्केट" असं ठरवलं की निम्मी रात्र टॅक्सी शोधण्यात जाते आणि गुडघेवाले काका दुसऱ्या ठिकाणीच बसून घेतात. मिश्र ग्रुपसाठी माझं मत स्पष्ट आहे, यावराटला जा. यावराट म्हणजे बँकॉकचा चायना टाउन, तिथल्या मुख्य रस्त्याचंच नाव यावराट रोड, लांबी साधारण दीड किलोमीटर, पाचव्या रामा राजाच्या काळात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेला. दिवसा तिथे सोन्याची दुकानं आणि घाऊक बाजार, आणि संध्याकाळी सहानंतर फुटपाथवर खाण्याच्या गाड्या लागायला लागतात, डोक्यावर चिनी अक्षरांचे मोठमोठे निऑन बोर्ड पेटतात, आणि मध्यरात्रीपर्यंत रस्ता गजबजलेला असतो. इथे पिणारे, न पिणारे, मुलं, आजी, सगळ्यांना करण्यासारखं काहीतरी आहे, गर्दी कुटुंबांची आहे, आणि मेट्रो अगदी जवळ आहे. दुपारी जो गोल्डन बुद्ध बघितला ना, वाट त्रायमितमधला, साडेपाच टन सोन्याचा, तो या रस्त्याच्या पूर्वेच्या टोकालाच आहे. ती मूर्ती शेकडो वर्षं गिलाव्याखाली झाकलेली होती, १९५५ मधे हलवताना गिलावा तडकला तेव्हा आत सोनं आहे हे कळलं. म्हणजे तुम्ही दिवसा जिथे होतात त्याच भागात रात्री परत जाताय, निम्मी अनोळखी भीती तिथेच कमी होते.

एक मात्र बघून घ्या, वार कोणता आहे ते. सोमवारी रस्त्याच्या साफसफाईसाठी खाण्याच्या बऱ्याच गाड्या बंद असतात. तुमची मोकळी संध्याकाळ सोमवारी आली तर बेत बदला. तेव्हा नदीकडे जा. बीटीएसच्या, म्हणजे तिथल्या पुलावरून धावणाऱ्या मेट्रोच्या, सफान ताक्सिन स्टेशनला उतरलं की खालीच साथोर्नचा धक्का आहे, तिथून आयकॉनसियाम मॉलची शटल बोट मिळते, मॉलच्या तळमजल्यावर एसीमधे थाई बाजार मांडलाय, बसायला जागा आहे, स्वच्छतागृहं आहेत, आणि बाहेर नदीकाठी वारा खात बसता येतं. ज्या ग्रुपमधे चालण्याचा त्रास असलेले जास्त आहेत त्यांनी कुठल्याही वारी हेच करावं, यात काही कमीपणा नाही.

कोण कोण येणार

बसमधेच दुपारी विचारा, रात्री लिफ्टपाशी नाही. सहा ते आठ जण हा चांगला आकडा. यावराटचे फुटपाथ अरुंद, अर्धा फुटपाथ गाड्यांनी आणि स्टुलांनी व्यापलेला, तिथे पंधरा जणांची रांग चालूच शकत नाही, सारखं कोणीतरी मागे राहतं. जास्त जण असतील तर दोन गट करा, दोन वेगळे म्होरके, आणि दोन्ही गटांची परतायची वेळ एकच.

गट करताना माझी एक विनंती आहे, फक्त आपल्या वयाचे आपल्या गावचे असे गट करू नका. एकट्या आलेल्या ताई असतात, बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच टूरला आलेले काका असतात, ते स्वतःहून कधी "मी पण येतो" म्हणणार नाहीत, त्यांना आवर्जून नाव घेऊन विचारायचं. आणि नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा आग्रह नको, थकलेलं माणूस थकलेलंच असतं. लहान मुलं असलेल्या आईबाबांना सांगा की साडेदहाला दोघं लवकर परतले तरी चालेल, म्हणजे त्यांना ग्रुपमुळे अडकल्यासारखं वाटत नाही.

मग जोड्या लावा. नवराबायको ही जोडी धरू नका, कारण दोघं एकाच दुकानापाशी थांबतात आणि दोघंही एकदमच हरवतात. मुंबईचे काका आणि नाशिकचा पोरगा, अशी जोडी. प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर नजर ठेवायची, एवढंच काम. म्होरक्याने तीन वेळा डोकी मोजायची: स्टेशनात शिरताना, स्टेशनातून बाहेर आल्यावर, आणि परत निघताना.

टूर मॅनेजरला कळवायचं, पण त्याला सोबत चला म्हणून गळ घालायची नाही. तो बिचारा पहाटेपासून उभा असतो, सामान मोजतो, रूमच्या चाव्या वाटतो, उद्याच्या बसला फोन करतो, ही दोन तासांची झोप त्याला हवी असते. त्याला व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका: कोण कोण चाललंय त्यांची नावं, कुठे, आणि किती वाजता परत. आल्यावर "सगळे पोचलो" एवढा दुसरा मेसेज. उद्या सहा-सात-आठ आहे का तेही विचारून घ्या, म्हणजे सहाला वेक अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. त्यावरून उलटं मोजून परतायची वेळ ठरवायची. मी अकरा सांगेन. मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत असते, पण शेवटच्या गाडीवर विसंबायचं नाही.

पैसे: आधीच ठरवलं की रुसवेफुगवे नाहीत

टीटीएमएम करायचं की काँट्री काढायची हा प्रश्न जेवणानंतर नाही, निघायच्या आधी सोडवायचा. मला चालतं ते असं: प्रत्येकी ५०० बाथ एकाकडे जमा. त्यातून सगळ्यांचं शेअर केलेलं खाणं, पाणी, टॅक्सी. दारू, शॉपिंग आणि महागडं सीफूड ज्याचं त्याने. न पिणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या बिअरचे पैसे भरायचे हे दहापैकी नऊ ग्रुपमधे कुरबुरीचं कारण असतं, कोणी तोंडावर बोलत नाही पण उरलेल्या टूरभर मनात राहतं. आठ जणांचे चार हजार बाथ जमतात, आणि रस्त्यावर खायचं असेल तर ते पुरून थोडे उरतात. बाथचा भाव बदलत असतो, अंदाज म्हणून एका बाथला अडीच ते तीन रुपये धरा, म्हणजे माणशी दीड हजार रुपयांच्या आत रात्र होते.

नोटा ओळखायला शिकवा सगळ्यांना, विशेषतः काकालोकांना, कमी उजेडात गोंधळ होतो. २० ची हिरवी, ५० ची निळी, १०० ची लाल, ५०० ची जांभळी, १००० ची तपकिरी. रस्त्यावरच्या गाडीवर हजारची नोट देऊ नका, ती सेव्हन इलेव्हनमधे पाण्याच्या बाटल्या घेऊन आधीच मोडा. एटीएममधून काढायला जाल तर परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाथच्या वर चार्ज लागतो, म्हणून पैसे दिवसा एक्स्चेंजमधे बदलून ठेवा. आणि नोट खाली पडली, वाऱ्याने उडायला लागली तर तिच्यावर पाय ठेवून अडवू नका. नोटेवर राजाचं चित्र असतं आणि तिथे राजाचा अपमान हा मोठा गुन्हा आहे, तुरुंगवास होतो. राजघराण्यावर मोठ्याने चेष्टामस्करी पण नको, मराठीत बोललात तरी नको.

रूमवरून निघताना

पासपोर्ट रूमच्या लॉकरमधे, मोबाइलमधे त्याचा फोटो आणि पर्समधे झेरॉक्स. हॉटेलच्या रिसेप्शनवरून हॉटेलचं कार्ड प्रत्येकाने घ्यायचं, प्रत्येकाने म्हणजे प्रत्येकाने, कारण त्यावर पत्ता थाई लिपीत असतो आणि बऱ्याच टॅक्सीवाल्यांना इंग्लिश पत्ता वाचता येत नाही. माणूस हरवला, मोबाइल बंद पडला, भाषा येत नाही, तरी ते कार्ड दाखवलं की तो हॉटेलवर पोचतो.

नेट सगळ्यांकडे नसतं, हॉटेलच्या वायफायवरच काम चालू असतं. गटातल्या निदान तिघांकडे चालू सिम हवं, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांची जोडी सिमवाल्याशी लावा. त्या रात्रीपुरता छोटा व्हॉट्सॲप ग्रुप करा आणि सिमवाल्यांनी आठ तासांचं लाइव्ह लोकेशन टाकून द्या. १९१ पोलीस, १६६९ ॲम्ब्युलन्स, आणि ११५५ टुरिस्ट पोलीस, हे तीन नंबर सेव्ह करा, यातला ११५५ सगळ्यात उपयोगी कारण तिथे इंग्लिश बोलणारे मिळतात.

पायात सँडल किंवा बूट, नवीन घेतलेल्या चपला नकोत. पर्स आडवी, रस्त्याच्या उलट्या बाजूला. जाडजूड सोन्याची साखळी लॉकरमधे. मे ते ऑक्टोबरमधे गेलात तर संध्याकाळी सर येतेच, घडीची छत्री ठेवा. मधुमेह, बीपीच्या गोळ्या ज्या त्याने स्वतःजवळ. आणि निघण्याआधी सगळ्यांनी रूमवर बाथरूमला जाऊन या, यावराटच्या रस्त्यावर स्वच्छतागृह पटकन सापडत नाही, मग कुठल्यातरी हॉटेलात काहीतरी ऑर्डर करून आत जावं लागतं. हे सगळ्यात क्षुल्लक वाटतं, पण बायकांना विचारा रात्र कशामुळे खराब होते ते.

टूरच्या जेवणाचं काय करायचं हेही सांगते. साडेसातच्या त्या इंडियन जेवणावर आडवा हात मारू नका, पण पूर्ण टाळूही नका. वरणभात किंवा एक पोळीभाजी एवढं खाऊन घ्या. शाकाहारी मंडळी उपाशी राहत नाहीत, शुगरवाल्यांची वेळ पाळली जाते, आणि यावराटला चाखायला पोटात जागाही राहते.

जायचं कसं

वाट मंगकोन हे मेट्रोचं, म्हणजे एमआरटीच्या ब्लू लाइनचं स्टेशन २०१९ मधे सुरू झालं आणि चायना टाउनला जाणं एकदम सोपं झालं. हॉटेल सुखुमवितला असेल तर सुखुमवित स्टेशनातून लक सोंगच्या दिशेची गाडी पकडायची, सातवं स्टेशन वाट मंगकोन, साधारण वीस मिनिटं. रत्चदा भागात हॉटेल असेल तरी हीच लाइन, हुआय ख्वांग किंवा फ्रा राम नाइनवरून सरळ, गाडी बदलायची नाही. प्रातुनामला असाल तर मेट्रोच्या भानगडीत न पडता ग्रॅब किंवा बोल्ट या ॲपवरून, आपल्या ओला-उबरसारखी, गाडी बोलवा.

तिकिटाचं: एमआरटीच्या गेटवर कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टॅप होतं, तुमचं फॉरेक्स कार्ड तसं असेल तर चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. बाकीच्यांनी मशीनमधून काळं प्लॅस्टिकचं टोकन घ्यायचं, आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. आठ जणांची टोकनं काढायला वेळ लागतो, म्हणून एकानेच काढा आणि सुटे जवळ ठेवा. आत खाणंपिणं चालत नाही. येताना हातात ड्युरियन फळ असेल तर गाडीत घेणार नाहीत आणि हॉटेलातही नाही, एवढा त्याचा वास. खायचं तर तिथेच उभं राहून खा.

टॅक्सीने जाणार असाल तर एका टॅक्सीत चारच जण. दोन टॅक्स्या केल्या की प्रत्येकीत एक सिमवाला आणि एक कार्ड. रस्त्यावरच्या टॅक्सीला आधी "मीटर?" विचारायचं, तो मान हलवून ३०० म्हणाला की दरवाजा लावून पुढची बघायची, वाद घालत बसायचं नाही. टुकटुकमधे एकदा बसायची हौस सगळ्यांनाच असते, बसा, पण भाडं चढण्याआधी ठरवा, आणि आकडा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवा, म्हणजे नंतर फिफ्टीन आणि फिफ्टीचा घोळ होत नाही.

आणि एक फार महत्त्वाचं. बँकॉकमधे नाना नावाच्या दोन जागा आहेत. चायना टाउनमधली सोई नाना ही जुन्या दुकानघरांमधल्या छोट्या बारची गल्ली, आणि सुखुमवितवरचं नाना हे बीटीएस स्टेशन, त्याच्या शेजारी गोगो बारचा, म्हणजे तोकड्या कपड्यात नाचणाऱ्या मुलींच्या बारचा, मोठा अड्डा. टॅक्सीवाल्याला नुसतं "नाना" सांगितलं तर तो काकूंसकट तुम्हाला दुसऱ्या ठिकाणी नेऊन सोडेल. "वाट मंगकोन" किंवा "यावराट" असंच सांगायचं.

तिथे पोचल्यावर

स्टेशनातून चारोएन क्रुंग रोडवर बाहेर येता, तिथून प्लाएंग नाम गल्लीतून पाचेक मिनिटं चाललं की यावराट रोड. बाहेर आल्याआल्या डोकी मोजा आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवा, तीच, स्टेशनचं दार. मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाका म्हणजे सगळ्यांना तेच दार लक्षात राहील. कोणी हरवलं तर शोधायला सगळ्यांनी पांगायचं नाही, हरवलेल्याने दारापाशी यायचं आणि म्होरक्याने जायचं.

मग पहिली फेरी नुसती बघायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा रस्ता हळूहळू चाला, काय काय आहे ते बघा, कोणाला काय खावंसं वाटतंय ते ठरू द्या. पहिल्याच गाडीवर गर्दी करून पोट भरलं की पुढचं सगळं बघतच राहावं लागतं. दुसऱ्या फेरीत खा, आणि प्रत्येक गोष्टीच्या दोन प्लेट आठ जणांत. मालवणला मासळीच्या जेवणाला बसतो तसं आपापलं ताट इथे नाही घ्यायचं, थोडं थोडं चाखत जायचं.

खाणाऱ्यांसाठी: ऑयस्टरचं ऑम्लेट, कोळशावर भाजलेले मोठे प्रॉन्स आणि स्क्विड, मिरीच्या झणझणीत रश्शातले गुंडाळलेले नूडल्स ज्याला कुआय चाप म्हणतात. या शेवटच्यात डुकराचं मांस असतं. पोर्क, बीफ न खाणाऱ्यांनी हे शब्द पाठ करा: मू म्हणजे डुक्कर, नुआ म्हणजे बीफ, काय म्हणजे कोंबडी, प्ला म्हणजे मासा, कुंग म्हणजे कोळंबी. नूडल्सचं सूप चिकनचं दिसलं तरी रस्सा बऱ्याचदा पोर्कच्या हाडांचा असतो, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतेय. सीफूडच्या मोठ्या स्टॉलवर बसण्याआधी मेन्यूवर भाव बघा, जिथे नुसतं "मार्केट प्राइस" लिहिलंय तिथे वजन आणि किंमत दोन्ही आधी विचारा. लहान गाड्यांवर भाव लिहिलेले असतात, तिथे घासाघीस करायची नाही, ते बरं दिसत नाही.

कोणाला बसायचं असेल तर गोडाच्या छोट्या दुकानांमधे बसा, पाय मोकळे होतात.

शाकाहारी आणि जैन मंडळी

यांच्याकडे मी जास्त लक्ष देते, कारण "तुमचं काय, फळं खा" असं म्हणून त्यांना गप्प केलं जातं आणि मग ती पुढच्या वेळी येतच नाहीत. यावराटला त्यांना खरंच खूप आहे. भाजलेले चेस्टनट, रस्त्यात मोठ्या कढईत काळ्या खड्यांबरोबर भाजत असतात, गरम पाकीट हातात घेऊन फिरायला मस्त. डाळिंबाचा ताजा रस. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात. पातोंगको, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या फुगीर कांड्या. आल्याच्या गरम पाण्यात काळ्या तिळाचं सारण भरलेले तांदळाचे गोळे, नाव बुआ लॉय, हे मला स्वतःला सगळ्यात आवडतं आणि ज्येष्ठ लोकांनाही चालतं, मऊ असतं, पचायला हलकं. तसंच आल्याच्या पाण्यातलं मऊ टोफू. भाजलेल्या पावातली चॉकलेटची, कंडेन्स्ड मिल्कची चव घ्या, पण हिरवं कस्टर्ड असतं त्यात अंडं असू शकतं.

तिखटमिठाच्या पदार्थांत सांभाळा. पॅड थाईमधे आणि पपईच्या सलाडमधे, वरून मांस नसलं तरी फिश सॉस आणि सुकट असते. "व्हेज" म्हटलं की विक्रेता चिकनचे तुकडे काढून देतो, सॉस तोच. त्यामुळे शब्द वापरायचा तो "जे". "किन जे" म्हणजे मी "जे" जेवण खातो. "जे" म्हणजे चिनी बौद्ध परंपरेतलं शाकाहारी जेवण, त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा लसूणसुद्धा नाही. जैन मंडळींनी एवढं लक्षात ठेवा की गाजर, मुळा, बटाटा, आलं मात्र त्यात चालतात, त्यामुळे ते वेगळं विचारावं लागतं. "जे" जेवण मिळणाऱ्या गाडीवर पिवळा झेंडा असतो आणि त्यावर लाल अक्षरं, दिसायला इंग्रजी आकड्यातल्या सतरासारखी. साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमधे नऊ दिवसांचा "जे" उत्सव असतो, तेव्हा अख्खं यावराट पिवळ्या झेंड्यांनी भरतं, त्या दिवसांत तुमची टूर असेल तर शाकाहारी माणसाचं नशीबच.

मोबाइलमधे थाई लिपीत "मांस नको, मासा नको, फिश सॉस नको, अंडं नको" असं भाषांतर करून स्क्रीनशॉट ठेवा. बोलून सांगायचं तर माय साय नुआ सात, माय साय नाम प्ला, माय साय खाय. तिखट नको, माय फेत. आपल्याला वाटतं आपण तिखट खातो, पण तिथल्या बारीक मिरच्या वेगळ्याच असतात. त्याच कढईत आधी मांस शिजलेलं चालत नसेल तर गोडावर आणि फळांवरच राहा, आणि याबद्दल ग्रुपमधे कोणी नावं ठेवायची नाहीत.

पिणारे आणि न पिणारे

थायलंडमधे दारूसाठी वय २० लागतं. दुकानातली विक्री ठराविक वेळेतच होते, रात्री बारानंतर सेव्हन इलेव्हनमधे बिअर मिळत नाही, आणि बुद्ध पौर्णिमेसारख्या बौद्ध सणांच्या दिवशी विक्रीवर निर्बंध असतात, टूर मॅनेजरला विचारून घ्या.

ग्रुपमधली शिस्त याहून महत्त्वाची. "घ्या हो काका, इथे कोण बघतंय" हे वाक्य कोणी बोलायचं नाही. कोणाची गोळी चालू असते, कोणी सोडलेली असते, कोणाच्या घरी वेगळा विषय असतो, तुम्हाला चार दिवसांच्या ओळखीत ते माहीत नसतं. बायकांपैकी कोणाला एक बिअर घ्यायची असेल तर तिच्याकडे बघत बसायचं नाही आणि फोटोत ग्लास येऊ द्यायचा नाही. एकूणच फोटोंचा नियम: ज्याचा फोटो त्याला विचारून, आणि टूरच्या मोठ्या ग्रुपवर टाकायच्या आधी परत विचारून. गावाकडच्या सासूबाईंच्या मोबाइलवर तो दहा मिनिटांत पोचतो.

प्रत्येक गटात दोघांनी अजिबात घ्यायची नाही, हे आधी ठरवा, काँट्री आणि परतीचा रस्ता त्यांच्याकडे. कोणाला जास्त झालीच तर त्याला एकट्याला टॅक्सीत घालून पाठवायचं नाही, दोघांनी सोबत जायचं, रूमवर कुशीवर झोपवायचं, पाठीवर नाही, आणि रूम पार्टनरला उठवून सांगायचं. पिऊन पडलं, लागलं तर बहुतेक ट्रॅव्हल इन्शुरन्स पैसे देत नाही, हे ज्येष्ठांच्या मुलांनी नक्की लक्षात घ्यावं.

याला हात लावायचा नाही

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तिथे बंदी आहे. रस्त्यावर कोणी विकत असलं तरी घ्यायची नाही, दंड तुम्हाला होतो. हिरव्या पानाची पाटी असलेली दुकानं दिसतील, २०२२ मधे गांजा मोकळा केला होता, २०२५ मधे नियम परत कडक करून तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. त्या पानाचं चित्र असलेलं बिस्कीट, ब्राउनी, चहा, काहीही मुलांच्या किंवा ज्येष्ठांच्या हाती लागू देऊ नका, आणि बॅगेतून भारतात तर मुळीच नाही, आपल्याकडे थेट अटक.

गटातल्या पुरुषांपैकी कोणीतरी हळूच "शो" चा विषय काढतोच. पॅटपाँग भागात दलाल लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवतात, शंभर दोनशे बाथमधे वरच्या मजल्यावर शो. वर गेल्यावर बिल हजारोंचं येतं आणि दारात माणसं उभी राहतात. ही फसवणूक जुनी आहे आणि अजून चालते. तिकडे जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण एकत्र निघालेल्या गटाला न सांगता तिकडे वळवणं हा विश्वासघात आहे, बायकांना तिथे किती अवघड होतं याचा विचार करा.

परत

पावणेअकराला ग्रुपवर मेसेज, अकराला स्टेशनच्या दारात, डोकी मोजून आत. कोणाला अजून थांबायचं असेल तर निदान तिघं थांबा, आणि कोण थांबलंय ते ग्रुपवर लिहा. मेट्रोची वेळ टळली तर ग्रॅबमधे मोठी सहा सीटची गाडी मिळते, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोटो जुळवूनच बसा, आणि यावराट रोडवरच गाडी बोलवू नका, रात्री तिथे वाहनं मुंगीच्या वेगाने सरकतात, एक गल्ली मागे चारोएन क्रुंगवर या.

हॉटेलवर आल्यावर लॉबीत गप्पांचा फड नको, लोक झोपलेले असतात. ट्विन शेअरिंगमधे असाल, रूम पार्टनर आला नसेल, तर निघतानाच रिसेप्शनवरून दुसरं की कार्ड मागून घेतलेलं असू द्या, म्हणजे बारा वाजता दार ठोठावायला नको. आतून कडी न लावता झोपायला सांगून ठेवा. मॅनेजरला "सगळे पोचलो". दोन ग्लास पाणी पिऊन झोपा.

हिशेब सकाळी नाश्त्यालाच करून टाका, ज्याच्याकडे काँट्री होती त्याने मोबाइलवर लिहिलेलं सगळ्यांना दाखवायचं. उरलेले शे-दोनशे बाथ वाटत बसू नका, बसमधे सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणि फळं घ्या, रात्री जे आले नव्हते त्यांच्यासाठीसुद्धा.